पाचशे ग्रॅम

आमच्या रेंजवर मला पाठीमागे 'तराजू' म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. मी ज्योतीराम, मूळचा केज तालुक्यातला. पिंपरीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये उभी हयात गेली. स्क्रू मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. अशा माणसाचा स्वभाव मवाळ कसा राहणार? रिटायर झाल्यावर बायको म्हणाली, घरात डबे मोजत बसू नका, बाहेर कुठंतरी जा. म्हणून कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये जी एअर पिस्तुलाची रेंज आहे, तिथं जाऊ लागलो. नेमबाजीतली माझी प्रगती पहिल्याच महिन्यात सगळ्यांना दिसली. छर्रा टार्गेट सोडून कुठंही जायचा. शेवटी रेंजवरच्या धम्मरत्ननं माझ्या हातातलं पिस्तूल काढून घेतलं आणि वजन दिलं. "भाऊ, तुमचा जन्म याच्यासाठी झालाय," म्हणाला.

वजन म्हणजे पाचशे ग्रॅमचं पितळी वजन, वर ट्रिगरला अडकवायला आकडा. नियम असा आहे की दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान एवढा जड असलाच पाहिजे. ट्रिगर हलका असला की नुसतं मनात आणलं तरी गोळी सुटते, आणि मग कुणाचा हात स्थिर आणि कुणाचा नाही हे कळतच नाही. म्हणून मॅचच्या आधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासतात. पिस्तूल कॉक करायचं, म्हणजे खटका चढवायचा, नळी वर करून उभं धरायचं, ट्रिगरला वजन अडकवायचं आणि हळूहळू उचलायचं. वजन लटकत राहिलं तर पास. टक् असा आवाज होऊन ट्रिगर सुटला तर नापास.

धम्मरत्ननं मला त्यात एक खुबी शिकवली होती. वजन टेबलावरून खरंच सुटलं की थोडं टेकलेलंच आहे, हे डोळ्यांना कळत नाही. उचलणाऱ्यानं जरा आळस केला, किंवा ओळखीपाळखीत जरा माया दाखवली, तर हलका ट्रिगरसुद्धा पास होतो. म्हणून वजनाखालून कागदाची पट्टी सरकवायची. पट्टी आरपार गेली तर वजन हवेत आहे. अडली, तर नाही. "आणि भाऊ, सगळ्यांच्या आधी माझं पिस्तूल तपासायचं," तो म्हणायचा. "म्हणजे बाकीच्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही." प्रत्येक मॅचला मी तसंच केलं. त्याचं पिस्तूल कधी नापास झालं नाही.

धम्मरत्न चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. त्याचे वडील फाउंड्रीत होते, दापोडीला लहानाचा मोठा झाला, पिस्तूल हातात आलं ते कंपनीच्या स्पोर्ट्स क्लबमुळे. आमच्यात तोच एक खरा नेमबाज. राज्याचं एक मेडल होतं, आणि नॅशनलला जाणं एका पॉइंटानं हुकलं होतं. त्या एका पॉइंटाची गोष्ट तो इतक्या वेळा सांगायचा की आम्ही त्याच्या आधी शेवट सांगून टाकायचो. तरी चिडायचा नाही. मी जगावर चिडतो, तो नाही. आमची जोडी बहुतेक त्यामुळेच जमली.

त्याच्या पिस्तुलाचा डॉक्टर म्हणजे खंडू. खंडू मावळातला, त्यांच्या गावाची एमआयडीसी झाली तरी त्याची भाषा गावातच राहिली. दिवसा एका टूलरूममध्ये फिटर, आणि संध्याकाळी रेंजच्या मागच्या खोलीत आमच्या पिस्तुलांची कामं. बाजारातून पिस्तूल येतं ते सगळ्यांच्या हाताचं असतं, म्हणजे कुणाच्याच हाताचं नसतं. खंडू त्याची अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप सोलायचा, त्यावर पुट्टी थापायचा आणि नेमबाजाला मूठ आवळून उभं करायचा. पुट्टी धरेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. मग वाळलेल्या ठशावर कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा हात. तळव्यावर जिथं लाल डाग उठेल तिथं अजून घास. असं आठ-आठ दिवस चालायचं. शेवटी ती ग्रिप दुसऱ्या कुणी धरली तर त्याला टोचायची. नवरा-बायकोसारखंच ते.

धम्मरत्नचा आजार पहिल्यांदा खंडूलाच सापडला. गेल्या उन्हाळ्यात धम्मा म्हणू लागला की ग्रिप सैल वाटते. खंडूनं पुट्टी भरली. महिन्याभरात पुन्हा सैल. खंडूनं पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी त्यानं पिस्तूल बाजूला ठेवलं आणि धम्माचा उजवा हात उलटा करून दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो, तिथं खळगा पडला होता.

"भाऊ, ह्ये हितलं मांस कुटं गेलं?" खंडू म्हणाला.

आम्ही हसलो. धम्मासुद्धा हसला. म्हणाला, क्वालिटीवाल्यांचं कंपनी आता हाताचं मांससुद्धा कापून घेते.

पुढं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून पुण्यातल्या नसांच्या डॉक्टरकडे, तिथून मशिनी, सुया, पुन्हा मशिनी. निदान झालं तेव्हा त्यानं स्वतःच रेंजवर येऊन सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हातापासून सुरू होतं, मग सगळीकडे. का होतं ते माहीत नाही, उलटं फिरत नाही. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, गेलेली ताकद परत येत नाही. मला त्या डॉक्टरचा राग आला. एवढं मोजून मापून बोलायचं काय अडलं होतं? मग आठवलं की मीही असाच बोलतो.

त्यानंतर तो रेंजवर यायचा, पिस्तूल उचलायचा आणि उभा राहायचा. हात अजून स्थिर होता, खांदा शाबूत होता. पण ट्रिगरवरचं बोट मागे येत नव्हतं. आम्ही सगळे आपापल्या टार्गेटकडे बघत असल्याचं सोंग करायचो. तो हात खाली घ्यायचा, थांबायचा, पुन्हा उचलायचा. दिवाळीच्या सुमारास तो यायचाच बंद झाला. त्याची बायको वर्षाली महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्याकडून कळलं की घरी बोलत नाही, जेवायला बसला की ताटाकडे बघत राहतो, आणि पिस्तुलाची पेटी कपाटावर ठेवून दिलीय.

आणि मग एके दिवशी तो पेटी घेऊन हजर. सोबत वर्षाली. लेनवर उभा राहिला, हात उचलला, आणि छर्रा सुटला. नऊ. दुसरा दहा. शेडमध्ये सगळ्यांनी आपापली पिस्तुलं खाली ठेवली. धम्मा वळून आमच्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"बोटात जीव येतोय, भाऊ," तो मला म्हणाला.

मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या दिवशी घरी जाताना पाव किलो पेढे घेतले. कुणाला वाटायचे ते कळेना, म्हणून बायकोला दिले.

आठवड्यागणिक तो सुधारत गेला. निदान ट्रिगरवर तरी. डाव्या हातानं डबा धरायचा, चालताना उजवा पाय जरा घासायचा, पण बोट मात्र झक्कास. तो डॉक्टरला शिव्या घालू लागला. सुया टोचून पैसे काढतात, म्हणायचा, निदान साफ चुकलंय. गोळ्या घ्यायचं बंद केलं. कंपनीनं टेबलावरचं सोपं काम देऊ केलं होतं, ते नाकारून आला. आणि तळेगावला जानेवारीत जिल्ह्याची मॅच होती, तिला त्यानं मास्टर्स, म्हणजे वयस्कांच्या गटात नाव दिलं. "त्या एका पॉइंटाचा हिशोब बाकी आहे," म्हणाला. ह्या वेळी त्याच्या आधी शेवट कुणी सांगितला नाही.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी मी रेंजवर एकटा होतो, सामान बांधत होतो. वर्षाली आली. तिच्यामागे खंडू, मान खाली घालून. खंडू मान खाली घालणारा माणूस नाही. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"ज्योतीरामभाऊ, त्यांचं बोट बरं झालेलं नाही," ती म्हणाली. "मी खंडूभाऊंना ट्रिगर हलका करायला लावलाय."

मी खंडूकडे बघितलं.

"व्हय," खंडू म्हणाला. "म्याच केलाय. आदी जरासा केला. मग बोट आजून गेलं, की आजून जरासा. आता फुंकर मारली तरी सुटंल."

म्हणजे बोट सुधारत नव्हतं. बोट मरत होतं, आणि त्याच्या मापानं ट्रिगरचा स्क्रू सैल होत होता. हात दोन्हींच्या मध्ये, आणि त्या हाताच्या मालकाला वाटत होतं की आपण बरे होतोय. मला भयंकर राग आला. खंडूला मी नको नको ते बोललो. हे असलं काम करताना हात झडले कसे नाहीत, इथपर्यंत बोललो. आणि बोलून झाल्यावर माझीच जीभ मला कडू लागली. 

"त्यांना नका बोलू. मी पाया पडले होते त्यांच्या," वर्षाली म्हणाली. "घरी हे जेवत नव्हते, भाऊ. भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटलं, दोन दिवस पिस्तूल चालेल, जरा हुरूप येईल, मग सांगू. मग ते हसायला लागले. हसणाऱ्या माणसाला कसं सांगतात, मला माहीत नाही."

"उद्या माझ्या टेबलावर वजन लागणार आहे, वहिनी."

"त्यासाठीच आलेय."

"आज रात्री घरी सांगून टाका."

"काल सांगायला बसले होते. तर म्हणाले, मॅचच्या शर्टाची बटणं मी स्वतः लावणार, तू मदत करायची नाहीस. कितीतरी वेळ बसले होते. दोन लागली. बाकीची राहिली. तरी म्हणाले, बघ, मागच्या महिन्यात एकही लागत नव्हतं." तिनं पर्स दुसऱ्या हातात घेतली. "मागच्या महिन्यात चार लागायची."

मी म्हणालो, जमणार नाही. नियम म्हणजे नियम, आणि तो मला शिकवला कुणी? तिनं मान हलवली. तुम्हाला जमणार नाही हे माहीत होतं, तरी आले, म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण रडणाऱ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय आहे. ती नुसती पर्स सावरून निघाली. खंडू दारात घुटमळला.

"भाऊ, येक मॅच मारू द्या त्यास्नी," तो म्हणाला. "मग काय व्हायचंय ते हुईल."

तळेगावला एका शाळेच्या हॉलमध्ये लेन लावल्या होत्या. पुण्याहून भाड्यानं आणलेले स्क्रीन, प्रत्येक लेनला एक. माझं टेबल दाराशी. टेबलावर हिरवा कपडा, त्यावर वजन, बाजूला पास झालेल्या पिस्तुलांना लावायचे स्टिकर. कागदाची पट्टी मी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो. रात्रभर ठरवून नाही, निघताना चप्पल घालता घालता ठरलं. आयुष्यभर मोजलं, एकदा नाही मोजलं तर कुणाचं काय जातं? मास्टर्स गटात मोजून सहा म्हातारे. त्यातल्या कुणाचं मेडल धम्मानं पळवलं असतं, तर मी स्वतः त्याला नवं करून दिलं असतं.

धम्मा पहिला आला. नेहमीसारखाच. शर्ट इस्त्रीचा, सगळी बटणं लागलेली. कुणी लावली ते मी विचारलं नाही. "जय भीम, भाऊ," म्हणाला आणि डाव्या हातानं पेटी टेबलावर ठेवली. मी जय भीम म्हणालो. त्याच्यामागे रांग होती. वर्षाली प्रेक्षकांच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी पिस्तूल घेतलं, कॉक केलं, नळी वर केली. वजनाचा आकडा ट्रिगरला अडकवला. उचललं, पण पुरतं नाही. वजनाचं बूड कपड्याला लागलेलं राहील, एवढंच. ट्रिगर जागचा हलला नाही. कुणालाही दिसलं असतं की वजन लटकतंय. मी स्टिकरकडे हात नेला.

"पट्टी?" धम्मा म्हणाला.

"विसरलो रे. असू दे, दिसतंय की."

"भाऊ, तुम्ही आणि विसरलात?"

तो हसतच होता. त्याला संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. माझी चेष्टा करायची संधी मिळाली म्हणून तो खूश होता. त्यानं खिशातून आपली एंट्रीची चिठ्ठी काढली, लांबट घडी घातली आणि मी वजन धरलेलं असतानाच खालून सरकवली. चिठ्ठी अडली. त्यानं पुन्हा सरकवली. पुन्हा अडली.

मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला चेहरा लपवता येत नाही. बायको म्हणते, तुमच्या कपाळावर सगळा स्टॉक लिहिलेला असतो. त्याचं हसू गेलं नाही, पण त्यातून तो निघून गेला. त्यानं खुर्च्यांकडे बघितलं. वर्षाली उठून उभी राहिली होती. भिंतीपाशी खंडू होता, तो तोंड फिरवून उभा.

"नीट उचला, भाऊ," धम्मा म्हणाला.

"धम्मा, जाऊ दे ना राव."

"उचला."

मी उचललं. टक्.

रांगेतला कुणीतरी म्हणाला, हलका आहे वाटतं. धम्मानं आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. ट्रिगरचं बोट वाकवून पाहिलं. ते थोडं वाकलं आणि थांबलं. एवढे दिवस तो ज्या बोटाच्या जिवावर डॉक्टरला खोटं ठरवत होता, ज्याच्या जिवावर त्यानं नोकरीतलं सोपं काम नाकारलं, पुढच्या वर्षीच्या मॅचेस ठरवल्या, ते हे बोट. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो, हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. मी वजन धरून बसलो होतो.

"खंडू," त्यानं हाक मारली.

खंडू आला.

"स्क्रू नियमावर आण."

"भाऊ, नगा..."

"आण. तपासणीत एकदा दुरुस्त करून परत दाखवायची मुभा आहे. ज्योतीरामभाऊ, आहे ना?"

आहे, मी म्हणालो. नियम मला पाठ आहेत, त्याचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता. खंडूनं खिशातून बारीक पान्हा काढला. एरवी त्याचा पान्हा पहिल्या झटक्यात बसतो. तो दोनदा घसरला. मग त्यानं डोळे बाहीला पुसले आणि स्क्रू आवळत गेला, मी वजन लावत गेलो. टक्. टक्. शेवटी वजन लटकलं. धम्मानं चिठ्ठी खालून सरकवली, ती आरपार गेली. मी स्टिकर लावला आणि नोंद केली.

"आता कशाला उभा राहतोस?" मी म्हणालो. "घरी जा, बाबा."

"नाव दिलंय," तो म्हणाला.

लेनवर तो भिंतीकडून दुसरा होता. टेबल दुसऱ्याकडे सोपवून मी मागे जाऊन उभा राहिलो. वेळ सुरू झाली. बाजूच्या लेनवरून छर्रे सुटू लागले, स्क्रीनवर आकडे येऊ लागले. धम्मानं हात उचलला. तोच हात, तोच खांदा, पाय तसेच रोवलेले. कुणी फोटो काढला असता तर शिकवायला लावता आला असता. पिस्तूल अजिबात हललं नाही. सुटलंही नाही. त्यानं हात खाली घेतला, श्वास घेतला, पुन्हा उचलला.

मध्यावर कधीतरी एक सुटला. त्यासाठी त्याला आख्खा दंड, मान, जबडा लावावा लागला, ते मागून दिसत होतं. स्क्रीनवर पाच आला. धम्माचा पाच मी कधी बघितला नव्हता. त्यानं आकड्याकडे बघितलं आणि पुढचा छर्रा भरायला घेतला. बोटांतून छर्रे सांडले, ते त्यानं डाव्या हातानं एकेक गोळा केले. पुन्हा हात उचलला. सव्वा तास. बाकीच्यांचं आटोपलं, पेट्या बंद झाल्या, एक-दोघं जाता जाता त्याच्या मागे थांबले आणि निघून गेले. त्याचा स्क्रीन त्या एका पाचवरच राहिला. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा त्यानं पिस्तूल खाली ठेवलं, पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत नारिंगी दोरी घातली, आणि नियमानुसार लेन सोडायची परवानगी हात वर करून मागितली.

वर्षाली पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. मी आणि खंडू दोन पावलं मागे. जावं की थांबावं ते कळत नव्हतं. धम्मा खुर्चीवर बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. तुम्ही परत रेंजवर आलात त्या दिवसापासून," ती म्हणाली.

"म्हणजे तो पहिला दहासुद्धा."

"नेम तुमचाच होता. स्क्रू फक्त..."

"हो, नेम माझाच." तो खुर्चीत मागे रेलला. "चांगले गेले गं ते दिवस. तुझ्यावर रागवायला पाहिजे, पण राग येत नाही. झोप लागायची मला."

वर्षाली रडू लागली. आदल्या दिवशी न रडलेलं सगळं. तो तिला रडू देत बसला.

"पण एक वाईट झालं," तो म्हणाला. "आता काही बरं वाटलं तर मी ते बरं मानायचं कसं? घरात साधं बाटलीचं झाकण सैल लागलं, तरी मला वाटणार, तूच आधी फिरवून ठेवलंयस."

वर्षालीनं हातातल्या बाटलीकडे बघितलं. येता येता तिनं झाकण फिरवून सैल केलं होतं, ते मी बघितलं होतं. बहुतेक त्यानंही. तिनं डोळे पुसले. मग झाकण पुन्हा घट्ट केलं, चांगलं दाबून, आणि बाटली त्याच्या हातात दिली.

त्यानं उजव्या हातानं झाकण धरलं. बोटं झाकणावर सरकली, पुन्हा धरली, पुन्हा सरकली. खंडू पुढे होऊ लागला, मी त्याचा दंड धरला. धम्मानं घाई केली नाही. सगळं करून बघितलं. मग बाटली तिच्यापुढे धरली.

"उघडून दे," म्हणाला.

तिनं उघडून दिली.